ज्याचं नाव घेईन तोच निघेल

मावार्दीला नावेचा तांडेल मी केला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात हल्ली हे कोणी सांगत नाही. माझ्या नावेवर खलाशी म्हणून आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. सुकाणू हातात दिलं की माझ्या तोंडाकडे बघायचा, मोठी लाट आली की डोळे मिटायचा. वारा अंगावर कसा घ्यायचा ते मी शिकवलं. पाण्याच्या रंगावरून कुपा मासा कुठे असेल ते मी शिकवलं. एकदा जाळ्यात पाय अडकून खाली गेला, तेव्हा केसांना धरून वर काढला तोही मीच. आज तो लोकांना वर काढतो आणि गाव म्हणतं, मावार्दी म्हणजे लाख माणूस.

माझं नाव तारमिझी, पण मला सगळे पंगलिमा म्हणतात. इंडोनेशियातल्या आमच्या आचेच्या किनाऱ्यावर दर खाडीला एक पंगलिमा असतो. जाळं कोणी कुठे टाकायचं, शुक्रवारी समुद्र बंद असताना चोरून कोण गेला, दोन तांडेल भांडले तर चूक कोणाची, हे सगळं त्याने ठरवायचं. समुद्रात कोणी अडकलं तर कोणाची नाव पाठवायची, तेही त्यानेच. बुडणारा आपला असो की परका, त्याला काढायचं, हा आमचा जुना कायदा. हाक ऐकूनही जो गेला नाही त्याची नाव सात दिवस जेटीला बांधून ठेवतात. सात दिवसांचं काही नाही, ते जातात. पण कॉफीच्या दुकानात त्याच्या बाकावर कोणी बसत नाही, आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

दहा वर्षं मी पंगलिमा होतो. पहिली चार वर्षं माझी नावही होती. मग साखरेने डाव्या पायाची तीन बोटं नेली. हलत्या फळीवर माणूस कशाच्या जोरावर उभा राहतो ते मला तेव्हा कळलं. नाव जावयाला, झुल्फानला दिली आणि मी बंदरावरच्या रेडिओच्या खोलीत खुर्चीवर येऊन बसलो. खोलीच्या छपरावर उंच खांब आहे, त्यामुळे तीस-पस्तीस मैलांवरच्या नावा मला ऐकू येतात आणि मी त्यांना. नावांना एकमेकींचं मात्र इतक्या लांबून ऐकू येत नाही. समोर भिंतीवर नकाशा. रोज सकाळी प्रत्येक तांडेल मला आपली जागा कळवायचा आणि मी तिथे टाचणी टोचायचो. मावार्दीची टाचणी हिरवी, झुल्फानची लाल.

रोहिंग्या लोकांची पहिली नाव आमच्या पाण्यात आली त्याला आता दोन वर्षं झाली. इंजिन बंद, बावीस दिवस वाहत आलेली. मी रेडिओवर ओरडलो आणि पाच नावा एकदम धावल्या. त्या बिचाऱ्यांनी नावा बघितल्या आणि सगळे एका बाजूला, मग सगळे दुसऱ्या बाजूला. उलटता उलटता राहिली. त्या दिवशीच मी नियम केला: ज्याचं नाव घेईन तोच निघेल. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. नियम चांगला होता. अजूनही म्हणतो, नियम चांगला होता.

त्या दिवशी मी चार नावा मागे फिरवल्या आणि एकट्या मावार्दीला पुढे पाठवलं. अकरा तास खुर्चीवरून उठलो नाही. वाऱ्याच्या बाजूने जा, दोर पुढून टाक, आधी बायका घे, पाणी पेल्याने नको, घोटाने दे, असं एकेक मी सांगत होतो आणि तो करत होता. त्र्याऐंशी माणसं आली. जेटीवर एका बाईने आठ दिवसांचं पोर मावार्दीच्या हातात दिलं आणि त्याचं नाव मावार्दी ठेवलं. तारमिझी का नाही ठेवलं? ठेवणार कुठून, तिने ते नाव ऐकलंच नव्हतं. समुद्रात तिला वर घेणारा एक हात दिसला होता. आवाज काय, हवेतला.

मग शहरातून बचाव कार्यालयाचे साहेब आले, शाल आणली. शाल मावार्दीच्या खांद्यावर. वर्तमानपत्रात फोटो आला त्यात मीही होतो, कडेला, एक कान आणि टोपीचा अर्धा भाग. मावार्दी सगळ्यांना सांगत होता, "मी कोण? सगळं पंगलिमांनी केलं. मी नुसता त्यांचा हात." आणि लोक काय म्हणाले? "बघा, किती नम्र आहे!" म्हणजे माझं कौतुक करून त्याचंच कौतुक झालं. असल्या माणसाचं करायचं काय, सांगा.

पुढच्या वर्षी दुसरी नाव आली. जवळ पुन्हा तोच होता. पुन्हा शाल.

घरीही सुटका नव्हती. रोस्निदा, माझी बायको, एका संध्याकाळी केळीच्या पानात बांधलेले तिंफान घेऊन आली. "अहो, मावार्दीकडून आलेत. तुम्हाला साखर चालत नाही म्हणून तुमचे वेगळे करायला लावलेत त्याने. बाकी कोणाला सुचलं असतं?"

"मला नको."

"नको तर नको. पण माणसाने एवढं कुढू नये. रक्तातली साखर वाढते."

ती आत गेल्यावर मी दोन खाल्ले. चांगले झाले होते. त्याचाच जास्त राग आला.

हे सगळं सांगतोय कारण दोन महिन्यांनी पंगलिमाची निवड होती. तांडेल हात वर करून ठरवतात. दहा वर्षं माझ्यापुढे कोणी उभं राहिलं नव्हतं. यंदा कॉफीच्या दुकानात मी शिरलो की बोलणं थांबायचं. काय बोलत होते ते न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. मावार्दी स्वतः एक शब्द बोलत नव्हता. बोलला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. माझ्या जागी कोण, तर माझ्या मनात झुल्फान होता. जावई म्हणून नाही, म्हणजे जावई म्हणूनच. पोरगा वाईट नाही, पण त्याच्या नावावर सांगण्यासारखं एकही काम नव्हतं. एखादी सुटका त्याच्या हातून झाली असती तर, असं मला रोज वाटायचं. मनातल्या मनात मी त्याला शालही घातली होती.

तो बुधवार होता. सकाळी साडेनऊला शहरातल्या बचाव कार्यालयातून फोन आला. एका मालवाहू जहाजाने जाता जाता कळवलं होतं, लाकडी नाव, शंभरएक माणसं, इंजिन बंद, आत पाणी शिरलेलं, लोक भांड्यांनी पाणी उपसताहेत. साहेब म्हणाले, "आमची बोट पोचायला पाच तास लागतील, पंगलिमा. तुमचं कोणी जवळ आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "पाठवतो."

जागा लिहून घेतली आणि नकाशापुढे उभा राहिलो. बोट टेकवलं तिथून हिरवी टाचणी चार मैलांवर होती. अर्धा तास. लाल टाचणी बेटाच्या पलीकडे. वारा तोंडावर घेऊन यायचं म्हणजे दोन तास, फार तर दहा मिनिटं कमी.

मी किती वेळ उभा होतो ते ठाऊक नाही. फार नसेन. तेवढ्यात मी स्वतःला काय काय सांगितलं ते मात्र सगळं आठवतं. झुल्फानची नाव मोठी आहे, शंभर माणसं मावतील. इंजिन नवं आहे. मावार्दीचं जाळं पाण्यात असेल. नाव मासळीने भरली असेल. जहाजवाले नेहमी वाढवून सांगतात. इतके दिवस वाहिलेली नाव आणखी दोन तासांनी काय बुडते? एकेक कारण खरं होतं, आणि सगळी मिळून खोटी होती. माझ्या डोळ्यांपुढे जेटी होती, जेटीवर साहेब, साहेबांच्या हातात शाल, आणि शालीखाली पुन्हा तोच वाकलेला, लाजल्यासारखा चेहरा. तिसऱ्यांदा. ते मला बघायचं नव्हतं.

मी बटण दाबलं. "सगळ्या नावांनी ऐका. माणसांची नाव अडकलीय." जागा सांगितली. "झुल्फान निघेल. झुल्फान, ऐकतोस का?"

"निघालो, अबू," झुल्फानचा आवाज आला. मला तो अबूच म्हणतो, म्हणजे बाबा. आवाजात आनंद होता. त्याला पहिल्यांदाच हाक आली होती.

मग लगेच दुसरा आवाज. "पंगलिमा, मावार्दी बोलतोय. मी जवळ आहे. अर्ध्या तासात पोचतो. जाळं कापून टाकू का?"

जाळं कापायचं म्हणजे दोन वर्षांची कमाई पाण्यात सोडायची. तो विचारत होता तेही, पाणी देऊ का, अशा सहजपणे. त्याचं हे बोलणं फक्त मला ऐकू येत होतं. माझं बोलणं मात्र सगळ्यांना. म्हणून मी त्याचं नाव न घेता म्हणालो, "ज्याचं नाव घेतलं तो निघालाय. बाकीच्यांनी जागा सोडायची नाही."

रेडिओ गप्प झाला. मी खुर्चीवर बसलो. रोस्निदाने डबा पाठवला होता, तो उघडला नाही. वीस मिनिटं गेली, पंचवीस गेली. बाहेर बर्फाच्या गाडीवाला हमालांशी हुज्जत घालत होता. तो गप्प का बसत नाही असं वाटत होतं, आणि तो गप्प बसला तर रेडिओ ऐकावा लागेल असंही.

"दादा." रेडिओवर तो मला कधी दादा म्हणत नसे. "दादा, मला नाव दिसत नाही, पण जागा मला ठाऊक आहे. झुल्फानच्या तोंडावर वारा आहे, त्याला वेळ लागेल. मी जाऊ का? फक्त हो म्हण."

एक शब्द. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. माझा अंगठा बटणावर होता.

"चॅनल मोकळं ठेवा," मी म्हणालो.

झुल्फान पोचला तेव्हा साडेअकरा झाले होते. नाव अजून तरंगत होती. मी त्याला एकेक सांगत गेलो आणि त्याने एकेक नीट केलं, मावार्दीइतकंच नीट. चौऱ्याण्णव माणसं वर घेतली. शेवटचा माणूस आला आणि अर्ध्या तासात ती रिकामी नाव खाली गेली. "अबू, सगळे आले," झुल्फान म्हणाला आणि मला रडू फुटलं. ते रडू खरं होतं. मी वाचलो असं मला वाटलं.

जेटीवर अख्खं गाव जमलं. भात, उकडलेली अंडी, सुक्या कुप्याचा रस्सा, कोणी लुंग्या आणल्या, कोणी चपला. झुल्फानला लोक मिठ्या मारत होते. माझी मुलगी त्याच्याकडे बघत होती तसं तिने लग्नातही बघितलं नव्हतं. मी काठी टेकत सगळ्यांच्या मध्ये उभा राहिलो. अर्धा तास मला इतकं बरं वाटलं की त्याची आता लाज वाटते.

मग एक मुलगी माणसांमधून फिरायला लागली. अठरा-एकोणीसची असेल. प्रत्येक बाईचा पदर ओढून चेहरा बघायची आणि पुढे जायची. त्यांच्यातला झफरुल नावाचा माणूस मलेशियात बांधकामावर होता, त्याला आमचं बोलणं समजायचं. मी त्याला विचारलं, "ही कोणाला शोधतेय?"

"तोस्लिमा आहे ती. बहिणीला शोधतेय. सेनुआराला."

"बहीण कुठेय?"

"तिला सांगितलंय आम्ही. ती ऐकत नाही." झफरुल अंड्याचं टरफल सोलत सोलत बोलत होता. "पश्चिमेला एक नाव उभी होती. लांब, पण तिची डोलकाठी दिसत होती, वरची हिरवी खोली दिसत होती. आम्ही कपडे हलवले. खूप वेळ हलवले. नाव हलेना. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. सेनुआरा म्हणाली, त्यांना आपण दिसत नसू, मी जाऊन सांगते. तिला पोहता येत होतं. पाण्याचा रिकामा डबा पोटाशी बांधला आणि गेली. नंतर तासाभराने ही नाव आली, दुसऱ्या बाजूने."

शेजारी उभे होते त्या सगळ्यांनी ते ऐकलं. हिरवी खोली आमच्या खाडीत एकाच नावेला आहे.

दुपारी चार वाजता रेडिओवर मावार्दीचा आवाज आला. "पंगलिमा, एक बाई सापडली." जिवंत आहे का, ते मी विचारलं नाही. तो म्हणाला, "घेऊन येतोय. बायकांना सांगा."

सेनुआराला त्याने स्वतःच्या अंथरुणाच्या चादरीत गुंडाळून आणलं होतं. नावेत मासळी नव्हती, जाळंही नव्हतं. तोस्लिमा रडली नाही. ती बहिणीच्या पायांशी बसली आणि पायाला लागलेलं शेवाळ नखाने काढत राहिली. गावातल्या बायकांनी अंघोळ घातली, मशिदीतल्या तेंगकूंनी नमाज पढवला, मशिदीमागे जागा दिली. परकं माणूसही समुद्राने दिलं की ते आपलंच, हाही कायदाच आहे आमचा.

पण कायद्याचं दुसरं टोक राहिलं होतं. युनूस काका, आमच्यातले सगळ्यात जुने तांडेल, मला म्हणाले, "पंगलिमा, बैठक बोलवा. मावार्दी चार मैलांवर होता आणि गेला नाही. का, ते त्याने सांगायला पाहिजे. आज त्याला सोडलं तर उद्या दुसऱ्याची नाव कोणत्या तोंडाने बांधणार?"

बैठक दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ठरली. त्याआधी मी रेडिओच्या खोलीत येऊन बसलो आणि मागोमाग मावार्दी आला. दार लावलं. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे लाल झाले होते.

"मी सांगणार आहे की माझा रेडिओ बंद होता," तो म्हणाला. "बॅटरीची तार तुटली होती. खलाशांना तसंच सांगून ठेवलंय. त्यातला फौझान ऐकत नव्हता, त्याला माझी शपथ घातलीय."

मी म्हणालो, "का?"

"का म्हणजे? पुन्हा नाव येईल, दादा. महिन्याने येईल, वर्षाने येईल. तेव्हा या खुर्चीतून हाक गेली की लोकांनी जाळी टाकून निघालं पाहिजे. आज जर त्यांना कळलं की हाक मारणारा..." त्याने नकाशाकडे पाहिलं. "मग कोणी निघणार नाही. प्रत्येक जण म्हणेल, थांब, याच्या मनात काय आहे ते आधी बघू."

"आणि तुझं काय?"

"माझं बरोबरच आहे. मी पावणेदोन तास वाट बघत बसलो. तू हो म्हणशील म्हणून. मग जाळं कापलं आणि निघालो, तोवर ती..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "सतरा वर्षांचा आहे का मी? मला विचारायची काय गरज होती? शिक्षा मला पाहिजेच आहे, दादा. तू फक्त सात दिवस म्हण. पुढचं तोंड उघडू नकोस."

तो रागावला नव्हता. मी त्याच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. शिवी दिली असती, कॉलर धरली असती, तर मी त्याचे पाय धरले असते. तो जाताना माझा न उघडलेला डबा बघून म्हणाला, "काहीतरी खाऊन घे, गोळी घ्यायची असेल."

बैठक जेटीजवळच्या उघड्या मांडवात भरते. खाली चटया, मध्ये पंगलिमाची जागा. एकोणीस तांडेल होते, कडेने गाव. समुद्रातून आलेले लोक जवळच्या शाळेत ठेवले होते, त्यांच्यातून झफरुल आला होता आणि त्याच्या शेजारी तोस्लिमा. येऊ नको म्हणून बायकांनी तिला सांगितलं होतं, तरी ती आली. झफरुल सगळं तिच्या कानात सांगत होता.

युनूस काकांनी विचारलं, "मावार्दी, कालची हाक ऐकलीस का?"

"नाही, काका. रेडिओ बंद होता. तार तुटली होती."

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

"मग काल सकाळी पंगलिमांना जागा कशी कळवलीस?"

त्याला खोटं बोलायची सवय नाही. तो अडखळला. "त्यानंतर तुटली. दुपारनंतर जोडली."

मांडवात कुजबूज झाली. मागे फौझान खाली मान घालून बसला होता, त्याच्या मुठी वळलेल्या मला इथून दिसत होत्या. कोणीतरी म्हणालं, "समुद्रावर निघताना तार बघायची नाही का? दोन शाली मिळाल्या की माणूस शेफारतो." दुसरा म्हणाला, "बाई मेली त्याच्या तारेपायी." झुल्फान माझ्या उजवीकडे बसला होता, त्याने बिचाऱ्याने मान फिरवली.

दोन वर्षं मी याच क्षणासाठी झुरत होतो. मावार्दी सगळ्यांपुढे मान खाली घालून उभा, गाव त्याला बोलतंय, जावयाचं नाव झालंय, निवड दोन महिन्यांवर. माझ्या पानात सगळं वाढून ठेवलं होतं. मला फक्त म्हणायचं होतं, सात दिवस.

तेवढ्यात तोस्लिमा उठली. झफरुल तिला आवरत होता. ती चटया ओलांडून सरळ मावार्दीपुढे जाऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो मान वर करून तिच्याकडे बघत होता, नजर चुकवत नव्हता. ती काहीतरी बोलली. झफरुलने सांगितलं, "ती म्हणतेय, तुझी नाव होती ती? माझी बहीण तुझ्याकडे येत होती?"

"हो," मावार्दी म्हणाला. "माझ्याकडेच येत होती."

आणि माझ्या पोटात ते उठलं. दुसरं काही म्हणून मला ते सजवायचं नाही. तोच जुना पोटशूळ, शालीच्या वेळचा, पोराच्या बारशाच्या वेळचा. ही बाईसुद्धा त्यालाच? वाचलेले त्याचे, आता मेलेलीही त्याची? जन्मभर रोज सकाळी उठून सेनुआराचं नाव घ्यायचा हक्क तो घेऊन जाणार, सात दिवस नाव बांधून तो मोकळा होणार नाही आणि त्या न सुटण्यातही माझ्यापेक्षा मोठाच होणार, आणि मी पुन्हा फोटोच्या कडेला, एक कान. गुन्हा माझा होता. अख्ख्या दोन वर्षांत माझ्या एकट्याच्या हातून झालेली ती एकच गोष्ट होती, आणि तीही त्याने माझ्या हातातून काढून घेतली होती, न विचारता, माझ्या भल्यासाठी.

"तो खोटं बोलतोय," मी म्हणालो.

मावार्दी वळला. "दादा, नको."

"गप बस. रेडिओ चालू होता त्याचा. त्याने मला दोनदा विचारलं. जाळं कापू का म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, फक्त हो म्हण. मी म्हणालो नाही."

युनूस काकांना वाटलं मला भोवळ आली. त्यांनी हात पुढे केला. "पंगलिमा, तुम्ही बसा."

"बसलोच आहे, काका. दहा वर्षं बसलोय. तो जवळ आहे हे टाचणीवरून मला आधीच ठाऊक होतं. मी झुल्फानला पाठवलं कारण याला पाठवायचं नव्हतं. याचं पुन्हा कौतुक झालेलं मला बघवलं नसतं. एवढंच कारण आहे, दुसरं नाही."

झुल्फान उठून मांडवाबाहेर गेला. मागे फौझानने एकदम मोठा श्वास सोडला, सगळ्यांना ऐकू गेला. नंतर गावात म्हणाले, पंगलिमाचं मन जागं झालं, अल्लाने बुद्धी दिली. रोस्निदाही तसंच म्हणते. मी त्यांना काही सांगत नाही. आता रेडिओवर मावार्दी बसतो. परवा मी खिडकीबाहेर उभा होतो, तो विचारत होता, जवळ कोण आहे? आणि जो जवळ होता त्याला पाठवलं. इतकं सोपं काम होतं ते.

पण त्या दुपारी मांडवात अजून एक गोष्ट झाली. झफरुल तोस्लिमाच्या कानाशी लागला होता. माझं बोलणं त्याने तिला सगळं सांगितलं, शेवटचंही. सांगायला त्याला वेळ लागला. तिने एकदा मावार्दीकडे पाहिलं. मग त्याला तिथेच सोडून ती वळली, चटया ओलांडून माझ्यापुढे येऊन उभी राहिली, आणि माझ्याकडे बघत राहिली.